बारवेवरची गळती

वैशाखात पिंडीवर गळती टांगलेली दिसली की मी देवळाबाहेरूनच परततो. थेंब थेंब पाणी पडताना पाहून लोकांना थंड वाटतं, माझ्या अंगाची आग होते. लोक मला नास्तिक म्हणतात. म्हणोत बापडे.

निजामाचा अंमल होता आणि मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टरांनी खुर्चीत बसून उर्दूत हुकूम लिहायचा आणि मी तो उन्हातान्हात बजावत हिंडायचं, अशी आमची वाटणी होती. त्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. साथीच्या गावांची यादी वाचून दाखवली तेव्हा उमापूरच्या बाजूचं एक गाव तिच्यात निघालं. माझी धाकटी बहीण त्या गावात दिली होती. मी ते गाव स्वतःहून मागून घेतलं. सोबत मिळाला एक पत्र्याचा डबा, आत चुन्यासारखी पांढरी भुकटी. ती कालवून पाण्यात टाकली की पाणी शुद्ध होतं, एवढं मला शिकवलेलं होतं.

गावाला बारव एकच. प्यायचं पाणी तिचंच, आणि तरणे गडी दुपारभर सूर मारायचे तेही तिच्यातच. पोहणं बंद करा म्हटलं तर पाटील हसले. "उन्हाळ्यात पवायचं न्हाई तर काय चुलीत बसायचं का?" म्हणाले.

पहिल्या दिवशी मी शहाण्यासारखं दोन बादल्या औषध एकदम ओतलं. पोहणारे डोळे चोळत, मला शिव्या देत वर आले. बायकांनी भरलेल्या घागरी तिथंच पालथ्या केल्या आणि नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यांचा रस्ता धरला. त्याच झिऱ्यांच्या वरच्या अंगाला साथीतल्या माणसांची लुगडी-धोतरं धुतली जात होती! दोन दिवसांनी वास गेला आणि वासाबरोबर औषधाचा जोरही गेला. मग माझ्या लक्षात आलं की हे ओतण्याचं काम नव्हे. औषध थेंबाथेंबानं, सारखं, कुणाच्या नाकाला कळणार नाही असं पडत राहायला हवं. त्यासाठी दवाखान्यात काही साधन नव्हतं आणि विचारायला गेलो असतो तर डॉक्टरांनी माझीच खरडपट्टी काढली असती.

तोड सुचवली ती महादेवाच्या गुरवानं. "पिंडीवर गळती लावतो तसं मडकं टांगा की, साहेब," तो म्हणाला. मी साहेब नव्हतो, पण त्या गावात औषधाची बाटली हातात असलेला कुणीही साहेबच. त्यानं देवळातलं तांब्याचं पात्र द्यायची तयारी दाखवली. हे औषध तांबं खातं, म्हणून मी कुंभाराकडून मडकं आणवलं. बुडाला भोक पाडून देवळातल्यासारखी कापसाची वात घातली, तर रात्रीतून वात कुजली आणि सगळं मडकं बारवेत रिकामं झालं. नारळाचा काथ्या घातला, तर चुन्याचा साका बसून भोकच बुजलं. शेवटी मी लिहायचा बोरू आडवा कापला, त्याची बारीक नळी भोकात बसवून भोवती मेण लावलं. भुकटी मडक्यात घालायचीच नाही, रांजणात कालवून रात्रभर ठेवायची आणि वरची निवळी तेवढी घ्यायची. तीन बांबूंची तिवई बारवेच्या पाण्याखालच्या पायरीवर उभी करून तिला मडकं टांगलं आणि एकेक थेंब सावकाश पडू लागला. दिवसभर पाहिलं. वास नाही, तक्रार नाही. ह्या तरकिबीची पुढं दवाखान्यात तारीफ झाली, त्या तारिफेचा मला आजही संताप येतो.

बहिणीकडे निरोप घ्यायला गेलो तर ती वैशाखाच्या दुपारी चुलीपुढं बसलेली, तोंड लालबुंद. साथ आल्यापासून तिची सासू घरात पाणी उकळल्याशिवाय कुणाला पिऊ देत नव्हती. सरपण गोळा करायचं हिनं, हंडे चढवायचे-उतरवायचे हिनं. मला तिची कीव आली, आणि खरं सांगायचं तर माझ्या मडक्याचा गर्वही होता. मी म्हणालो, "आता उकळत बसू नको. बारवेचं पाणी खुशाल पी. मी बंदोबस्त केलाय."

सासू दारातून म्हणाली, "पावणं, तुमचं मडकं तुमच्यापाशी. आमी उकळूनच पिणार."

म्हातारी खवचट आहे असं मी मनात म्हटलं. तिची मी पुढं माफी मागितली, पण तिनं काय करायचं होतं माझ्या माफीचं.

गुरवाच्या हवाली निवळीची मोठी बरणी केली आणि बजावलं, "हिच्यातून भरत जा. मडकं कोरडं पडू देऊ नको. तिसऱ्या दिवशी मी येतोच." गेलो आणि अडकलो. तहसीलदारांचा दौरा निघाला, त्यांच्या लवाजम्यातल्या कुणाला अजीर्ण झालं आणि मला औषधाची पेटी घेऊन त्यांच्यामागं फिरावं लागलं. परतलो तो सातव्या दिवशी.

बारवेच्या काठावरून पाहिलं. मडकं होतं तसं, थेंब पडत होता, वास मुळीच नव्हता. बायका पाणी भरत होत्या. मी इतका खूश झालो की गुरवाच्या पाठीवर थाप मारली. नवी बरणी त्याच्या हातात देत म्हणालो, "बरी पुरवलीस रे!"

"पुरतीया कशानं? ती तर चौथ्या दिशीच सरली, साहेब. ऊन लई हाय."

"मग मडक्यात काय आहे?"

"पाणी. बारवंचंच. आंगूळ करून, सोवळ्यात भरतो. एक घडी खंड पडू दिला न्हाई."

त्याचा चेहरा अभिमानानं फुलला होता. देवावरची गळती सुकली तर गावावर अरिष्ट येतं, असं त्याच्या पिढ्यान् पिढ्या मानत आलेल्या. आणि मी त्याला मडकं कोरडं पडू देऊ नको म्हणून सांगितलं होतं. औषध संपलं तर काय, हे सांगितलंच नव्हतं. तरीही मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. तो कावराबावरा होऊन विचारत राहिला, "कावून चिडता, साहेब? काय चुकलं?" मी बहिणीच्या घराकडे पळत सुटलो.

ती सोप्यात बाजेवर होती. पहाटेपासून जुलाब आणि उलट्या, डोळे खोल गेलेले, हातापायांच्या बोटांवर सुरकुत्या. घरातली बाकीची सगळी माणसं ठणठणीत उभी होती. सासू तिला उकळून गार केलेलं पाणी पाजत होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती. मी हातातली पेटी उघडली आणि तिच्यात उपयोगाचं काही नाही हे माहीत असूनही बाटल्या उचकत बसलो.

"घरात उकळलेलं पाणी होतं ना?" मी तिला म्हणालो. "तेच का नाही प्यालीस?"

"बाया भेत व्हत्या, दादा. म्हनायच्या, हिच्या भावाचं औषिद हाय, हिनंच प्यावं आदी." तिचा आवाज पार बसला होता. "मी रोज समद्यांम्होरं वंजळीनं पेले. मग भरायला लागल्या समद्या. तुज्या मडक्याचं नाव केलं मी."

मी तिचा हात धरला. तो ओल्या चिंधीसारखा गार होता.

"औषिदाचंच पाणी पेलेय मी," ती म्हणाली. "म्हंजी बरी व्हईन, न्हाई का?"

मी हो म्हणालो. दिवेलागणीच्या आत ती गेली.