दिगंबररावांना तळ्याकाठी दिलेला शब्द

माझ्या मित्राच्या मृत्यूची सूचना मला चार आठवडे आधी मिळाली होती.
मी ती कोणालाही दिली नाही.

आज दिगंबररावांना जाऊन एक वर्ष झाले.

ते पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त इंजिनिअर. मी पुण्यात तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेला मास्तर. सिंगापूरला बेडोकच्या एकाच ब्लॉकमध्ये ते सातव्या मजल्यावर लेकीकडे राहत, मी अकराव्यावर मुलाकडे. ओळख लिफ्टमध्ये झाली आणि अधिक हवेशीर मजला कोणता, यावर त्याच दिवशी वादही झाला.

२०१६च्या डिसेंबरात, शाळेच्या सुट्टीत, त्यांच्या लेकीने, मानसीने, न्यूझीलंडला कॅम्पिंगचा बेत केला. दिगंबरराव हटून बसले. “मास्तर येत असतील तरच मी येतो. तंबूत भांडायला कुणीतरी हवं.”

दक्षिण बेटाच्या पश्चिमेला, थंड पावसाच्या जंगलात, एका तळ्याकाठी आमचे तंबू होते.

सिंगापूरचा पाऊस कोसळतो आणि तासाभरात वाफ होऊन जातो. तिथला पाऊस झाडांवर मुक्कामाला असतो. खोडे, फांद्या, आडवे पडलेले ओंडके, सर्वांवर बोट बुडेल इतके शेवाळ. तळ्याचे पाणी कोऱ्या चहासारखे तपकिरी.

दिगंबरराव रेनकोटची टोपी मागे टाकून भिजत उभे राहिले.

“उभी नोकरी टँकर पाठवण्यात गेली, मास्तर. आणि इथं बघा! अर्ज नाही, मंजुरी नाही, साहेबाची सही नाही!”

त्यांची आठ वर्षांची नात ईरा तंबूतून सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, “आजोबा, यू विल फॉल सिक लाह!”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे तळ्याकडे निघालो. थोडे अंतर गेल्यावर ते एका ओंडक्यावर बसले. इतक्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता. उजव्या हाताने ते डावा जबडा धरून होते.

मी विचारले, “काय होतंय?”

“पित्त.”

“पित्त जबड्यात नसतं, दिगंबरराव.”

ते हसले. मग हसू थांबले.

“दंडातपण आहे थोडं. गेल्या महिन्यात एकदा झालं होतं. मानसीला बोलू नका. पोरीनं वर्षभर रजा साठवली हो या आठ दिवसांसाठी. परतल्यावर मी स्वतः सांगतो. शब्द द्या.”

मुलांच्या घरी परदेशी राहणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांचा हा अलिखित नियम आहे: आपल्या तब्येतीपायी मुलांची रजा खर्ची पडता कामा नये. मीही तो पाळतो. माझ्या मुलाला माझ्याविषयी बऱ्याच गोष्टी ठाऊक नाहीत.

तरीही मी लगेच शब्द दिला नाही. सवयीने युक्तिवाद मांडला. देह त्यांचा, म्हणून देहाविषयीची माहिती त्यांची. ती कोणाला द्यायची हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा. मला ती विश्वासाने मिळाली, म्हणून मी केवळ तिचा राखणदार. सबब, माझे मौन हे कर्तव्य.

युक्तिवादात मला दोष सापडला नाही. मी शब्द दिला.

दहा मिनिटांनी ते उठले. वाटेत त्यांनी मला नेच्याचा एक उलगडणारा कोंब दाखवला. आम्ही परत आलो आणि सर्वांबरोबर पोहे खाल्ले.

सिंगापूरला परतल्यावर मी दोनदा विचारले.

“सांगितलंत?”

“सांगतो हो. ईराची शाळा सुरू होऊ द्या.”

शाळा सुरू झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी, वर्तमानपत्र वाचता वाचता, ते गेले.

अंत्यविधीनंतर मानसीने मला बाजूला घेऊन विचारले, “काका, तिकडे बाबांना काही त्रास झाला होता का? तुम्ही दिवसभर बरोबर असायचात.”

मी म्हणालो, “तसं काही नाही.”

विद्यार्थ्यांचे एक मोघम विधान मी आयुष्यात कधी चालवून घेतले नाही. हे माझे विधान तर मोघमही नव्हते. ते असत्य होते.

त्या युक्तिवादात दोष कुठे होता, ते आता मला दिसते. परतल्यावर ते सांगतील, हे मी गृहीत धरले होते. सगळा डोलारा त्या एका गृहीतकावर उभा होता आणि तेवढेच मी तपासले नव्हते. वर्गात हे मी पहिल्याच आठवड्यात शिकवत असे.

ओळखीच्या एका डॉक्टरांनी माझी समजूत घातली, “तेव्हा सांगितलं असतंत तरी कदाचित फरक पडला नसता.” या ‘कदाचित’वर मला एक रात्रही झोप लागलेली नाही.

गेल्या रविवारी मी सातव्या मजल्यावर गेलो. मानसी दुधी चिरत होती. मी सर्व सांगितले. ती चिरत राहिली.

“कधी?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी.”

“मी तेव्हा कुठे होते?”

“कॅम्पच्या किचनमध्ये. पोहे करत होतीस.”

“म्हणजे हाकेच्या अंतरावर.”

“हो.”

तिने सुरी खाली ठेवली.

“रजेचं काय घेऊन बसलात हो तुम्ही दोघं? माझे बाबा होते ते.”

 

मी म्हणालो, हे जाहीरपणे लिहू का? तिने चिरलेला दुधी पातेल्यात टाकला.

“लिहा. खाली बाकांवर बसणारे तुमचे सगळे मित्र असेच आहेत. त्यांच्या मुलांना तरी कळू दे.” मग म्हणाली, “पण काका, आता आमच्याकडे येत जाऊ नका.”

मी जिना उतरलो. लिफ्ट चालू होती आणि माझे घर वर होते, हे खाली पोहोचल्यावर लक्षात आले.

दिगंबरराव, तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला.
तो त्या ओंडक्यापाशीच मोडायचा होता.

नमस्कार.