बिरूची बंडी

बिरू गेला आणि तिसऱ्याच दिवशी भुरीनं पान्हा चोरला. रेडकू मेल्यापासून ही म्हैस फक्त बिरूच्याच हाताला दूध द्यायची. त्याच्या बायकोनं, बायनाबाईनं, सरकी पुढ्यात ठेवली, कोमट पाण्यानं कास धुतली, लाडीगोडी लावली. छे! चरवीत चार थेंब, तेही उपकार केल्यासारखे.

केदारखेड्याहून जनावरांचे डॉक्टर येऊन बघून गेले. "बाई, दूध कासेत हाये. पण नुसतं पिळून येत न्हाई. वळखीचा वास, वळखीचा हात लागला की डोक्यातून इशारा जातो. मंग आतल्या बारक्या पिशव्या आवळतात अन् दूध सडात उतरतं. बुजली की बिलकुल बंद. असंच चाललं तर आटंल."

आटली की म्हैस विकायची आणि आईनं पुण्याला यायचं, हे लेकानं, कल्याणनं, फोनवर ठरवूनच टाकलं होतं. लेक गुणाचा, पण तिथं चौथ्या मजल्यावर बायनाबाई बोलणार कोणाशी? इथं निदान भुरी होती. बिरूची आठवण काढणारा तेवढाच एक दुसरा जीव घरात उरला होता.

मग तिला सुचलं. खुंटीवरची बिरूची बंडी, घामाची, विडीच्या वासाची, तिनं लुगड्यावर चढवली. भुरीनं हुंगलं, नाक फेंदारलं, आणि चरवीत धारा वाजायला लागल्या. बायनाबाईला हसू आलं, रागही आला. "माह्या हाताला काय काटे हायेत का गं, सवते?"

दोन महिने असं चाललं. बंडीला तिनं पाणी लागू दिलं नाही. म्हशीसाठी, असं ती म्हणायची. पण दुपारी दार लोटून स्वतःही हुंगायची, लपवायचं कशाला?

मग नणंद गोजरबाई राहायला आली. भावाची बंडी मळकी दिसली, तिनं मायेनं साबण लावून घासली, वाळत घातली. बायनाबाई रानातून आली तर दोरीवर बंडी.

"वैनी, कशी लख्ख निघाली बघ!"

"हां," बायनाबाई म्हणाली, "लख्ख निघाली."

संध्याकाळी ती बंडी न घालताच गोठ्यात बसली. म्हशीच्या अंगाला कपाळ टेकवलं. "वास गेला गं त्याह्यचा. आता तूबी जाशील." हात सवयीनं सडांवर फिरत होता.

आणि दूध उतरलं. धारांवर धारा, चरवीच्या काठापर्यंत फेस.

आता म्हैस विकायला नको, पुणं नको. तरी बायनाबाईचा हात थांबला.

"तूबी इसरलीस व्हय त्याह्यला?"

भुरी निवांत सरकी खात राहिली.