समासातली बाई

मेलेल्या माणसांच्या तब्येतीची इतकी काळजी करणारा माणूस माझ्या मामेसासऱ्यांखेरीज अख्ख्या सोलापुरात दुसरा सापडणार नाही. जिवंत माणसांचं त्यांना काही वाटत नाही असं नव्हे. पण बायकोचे हे मामा एखाद्या सकाळी उतरल्या चेहऱ्यानं समोर येऊन बसले आणि "पोट बिघडलंय" म्हणाले, तर पोट कुणाचं ते आधी विचारून घ्यावं लागतं. बहुतेक वेळा ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वारलेल्या एखाद्या गृहस्थाचं असतं आणि तो गृहस्थ त्या वेळी कुठल्या तरी धर्मशाळेत लोळत पडलेला असतो.

मामांचा उभा जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीची माणसं देवळाच्या पारावर जाऊन बसली, हे मात्र मोडी लिपीच्या वर्गात जाऊन बसले. तिथून थेट आले ते आमच्या संग्रहात. संग्रह म्हणजे नवी पेठेच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या. लोकांनी माळे साफ करताना आणून दिलेली बाडं, पत्रं आणि रोजनिश्या तिथं ठेवल्या आहेत आणि त्या सांभाळायला मला ठेवलं आहे. मला मोडी येते असं माझ्या अर्जात लिहिलेलं आहे. खरं म्हणजे ती माझ्याकडून अडखळत वाचली जाते, एका ओळीत चार ठिकाणी थांबावं लागतं. मामा मात्र मराठी वर्तमानपत्र वाचावं तसं सरसर वाचतात. त्यातही त्यांना फक्त प्रवासाच्या रोजनिश्या लागतात. जमिनीचे वाद, वतनांचे कागद समोर ठेवले तर म्हणतात, "हे एका जाग्यावर बसल्यालं हाय. मला हलनारं काय तरी द्या."

त्यांच्या वाचण्याचा एक नियम आहे. एका दिवसाला एक दिवस. रोजनिशी लिहिणाऱ्यानं आज जेवढं लिहिलं तेवढंच आज वाचायचं, पान उलटायचं ते उद्या. पुण्याहून आलेल्या एका संशोधकानं बसल्या बैठकीला कुणाचा तरी अख्खा कोकणप्रवास वाचून संपवला, तर मामा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. "त्या मानसाला चाळीस दिवस लागले, आन् ह्यो च्या प्यायच्या आत घरला आला," असं म्हणाले. प्रवाशानं एकादशी केली की मामांचाही उपास असतो. प्रवाशाला पेज मिळाली की मामीला पेज करावी लागते. त्या बिचाऱ्या मला फोन करून विचारतात, "जावईबापू, तुमचा तो मानूस भाकरी कवा खानार हाय?"

आणि अंतराच्या बाबतीत मामांना कुणी फसवू शकत नाही. एका सरदारपुत्रानं आपण बार्शीहून दुपारी निघून दिवस मावळायच्या आत पंढरपुरात पोचलो असं ऐटीत लिहून ठेवलं होतं. मामांनी चष्मा काढून ठेवला. "त्या लाइनीवर मी अकरा वर्सं काढली की. घोडं हुतं का इमान?" त्यांनी ती रोजनिशी मिटून मला परत दिली आणि आजतागायत तिला हात लावलेला नाही. खोटं बोलणाऱ्या माणसाबरोबर आपण प्रवास करत नाही, असं त्यांनी मला सांगितलं. मी तेव्हा हसलो होतो.

पुढं माढ्याकडच्या एका गूळ-व्यापाऱ्याची रोजनिशी संग्रहात आली. हा गृहस्थ बायकोला घेऊन बैलगाडीनं रामेश्वरला निघालेला. पानाच्या मध्यभागी तो फक्त कामाचं लिहायचा: कुठल्या गावी मुक्काम, पाणी गोड की मचूळ, बैलांना चारा मिळाला की नाही. बायकोचा तिथं उल्लेखही नाही. पण पानाच्या बाहेरच्या कडेला, समासात, बारीक अक्षरात तो दोनच शब्द लिहायचा आणि ते तिच्याबद्दल असायचे. 'आज हसली.' 'चपला चावतात.' 'माहेर आठवते.' मामांनी हे पहिल्या आठवड्यातच हेरलं आणि मला बोलावून दाखवलं. "मधी नुसती गावं हायती बगा. मानूस हितं कडेला हाय." तेव्हापासून ते रोज आधी मधलं वाचायचे आणि कडेचं शेवटी, लहान मूल गोड शेवटी खातं तसं. मग दोन्ही आपल्या वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवायचे.

गाडी अक्कलकोट, गुलबर्गा करत कृष्णेपलीकडं गेली आणि समासात लिहिलेलं आलं, 'ताप आहे.' दुसऱ्या दिवशी, 'ताप आहे.' तिसऱ्या दिवशी, 'खात नाही.' मामांचा जीव थाऱ्यावर राहीना. मी म्हटलं, "मामा, पुढचं पान उलटून बघा ना." ते म्हणाले, "त्याला कुटं उलटता येत हुतं?" नेमक्या त्याच आठवड्यात त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख लागली. दवाखान्यात जाण्यापूर्वी ते मला बजावून गेले, "मी येईपतुर कुनी म्होरं वाचायचं न्हाय. तुमीबी न्हाय." मी ते पाळलं. पुढं जे झालं त्यात मी पाळलेली ही एकच गोष्ट, आणि नेमकी तीच पाळायला नको होती.

झालं ते असं. रोजनिशी देणाऱ्या घराण्यातली मंडळी संग्रह बघायला यायची होती. पानं सुटी झालेली, कडा कुरतडलेल्या. संग्रहाच्या कार्यकारिणीतून निरोप आला, जरा बरी दिसेल अशी बांधून घ्या. आमच्या कामात जुना कागद बांधायला देताना दोन गोष्टी करायच्या असतात. आधी पानापानाचा फोटो काढायचा आणि बाइंडरला द्यायच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहायचं, 'कडा कापू नये.' हे मी नव्या माणसांना शिकवतो. त्या दिवशी मला घाई होती, कसली ते आता आठवतही नाही. फोटो काढले नाहीत. चिठ्ठीवर फक्त 'शुक्रवारी पाहिजे' एवढंच लिहिलं.

शुक्रवारी रोजनिशी आली. लाल कापडी पाठ, वर सोनेरी पट्टी, आणि तिन्ही बाजूंनी यंत्रात घालून साफ कापलेली. बाइंडर कचेऱ्यांची रजिस्टरं बांधणारा, सरळ मनाचा माणूस. म्हणाला, "कडा लई खराब होत्या सर, लेव्हल मारून दिलंय. नवीन वही वाटतीय की नाही." मी पान उघडलं. समास गेला होता. काही पानांवर अक्षरांची शेपटं तेवढी राहिली होती. कापलेल्या पट्ट्या कुठं आहेत म्हणून विचारलं, तर त्या सकाळीच त्याच्या घरच्या बंबात गेल्या होत्या. त्याला मी ठरलेले पैसे मोजून दिले. बोलायला तोंड कुठं होतं?

आठ दिवसांनी मामा काळा चष्मा लावून हजर. डॉक्टरांनी महिनाभर वाचायला मनाई केलेली. समोर खुर्ची ओढून म्हणाले, "वाचा तुमी. एकच पान." मी वाचलं, अडखळत, थांबत. कुठलीशी नदी, उतार मिळाला नाही, बैलाचा खूर दुखावला. मग मामांनी विचारलं, "आन् कडंला?"

सांगायचं ते त्या क्षणी सांगायला हवं होतं. जीभ उचलली होती. पण समोर तो काळा चष्मा माझ्याकडं वळलेला, हात गुडघ्यांवर ठेवलेले, आणि मनात तो बार्शीचा सरदारपुत्र. मी म्हणालो, "ताप उतरतोय."

मग रोज काहीतरी सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं पेज घेतली. तिसऱ्या दिवशी लोणचं मागितलं. पुढं ती नवऱ्यावर चिडली, तेव्हा मामा खुशीत मांडीवर थाप मारून म्हणाले, "चिडली म्हंजे जगली." लाज वाटते ती याची, की मला ते जमायला लागलं होतं. संध्याकाळी घरी जाताना मी उद्या तिनं काय करावं याचा विचार करायचो. कधीकधी मला हसूही यायचं. ज्या दिवशी मी तिला स्वतःच्या पायांनी गाडीपर्यंत चालवलं, त्या दिवशी मामांनी पावशेर पेढे आणून संग्रहात सगळ्यांना वाटले. मी एक खाल्ला आणि आग्रह झाला म्हणून दुसराही खाल्ला.

महिना सरला, चष्मा निघाला. मामांनी रोजनिशी हातात घेतली तेव्हा मी उगाच कपाटात काहीतरी शोधत राहिलो. त्यांनी लाल पाठीवरून हात फिरवला, पानांच्या कडेवरून बोट फिरवलं. आता ते ओरडतील, निदान मिटून परत देतील, अशी मी वाट पाहत होतो. तेवढ्यावर सुटलो असतो तर बरं झालं असतं. पण मामांनी खिशातून पेन काढलं आणि आपल्या वहीत मी वाचून दाखवलेली पानं उतरवायला घेतली. ती झाल्यावर पुढं रोज एक. व्यापारी रामेश्वराला पोचला, परत फिरला, उन्हाळा लागला. मामा मला कडेचं काही विचारत नव्हते आणि मी सांगत नव्हतो.

शेवटचं पान उतरवून झालं तेव्हा त्यांनी ती वही माझ्यापुढं ठेवली. "संग्रहाला ठिवा. नोंद करा." मी चाळली. पहिल्या पानांवर समासातला शब्द न् शब्द जिथल्या तिथं उतरवलेला. 'आज हसली', 'चपला चावतात', सगळं. आणि दवाखान्यात जाण्याच्या दिवसापासून पुढं प्रत्येक पानावर मामांनी पट्टीनं समासाची रेघ ओढली होती आणि रेघेपलीकडं कोरं ठेवलं होतं. माझी पेज नाही, लोणचं नाही, काही नाही.

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "मामा, केव्हा कळलं?"

"पयल्याच दिशी," ते म्हणाले. "मधलं वाचताना तुमी ठेचा खात हुता, आन् कडंला आला की नीट चालत हुता. मोडी अशी कुटं वाचता तुमी?"

"मग पेढे?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तुमी इतकं मन लावून तिला बरी करत हुता. म्हनलं, हुऊ दे. पर लिवायला न्हाय यायचं मला ते. वही हितं ऱ्हानार, जावईबापू, तुमी-आमी न्हाय."

इतका शरमिंदा मी आयुष्यात झालेलो नाही. त्यांनी ओरडावं असं मला अजूनही वाटतं. नोंदवहीत मी लिहिलं, 'बांधणीच्या वेळी समास कापला गेला.' मामांनी वाचलं आणि वही परत माझ्याकडं सरकवली. "कुनामुळं ते ऱ्हायलं." मी खाली माझं नाव लिहिलं, सही केली. मग ते पाणी प्यायला उठले.

शेवटच्या पानावर त्या व्यापाऱ्यानं एवढंच लिहिलं आहे की गाडी सांजेला घरी पोचली आणि बैलांना पाणी दाखवलं. गाडीतून कोण कोण उतरलं ते लिहिलं असेलच, तर कडेला असणार. मामा आता दुसरी रोजनिशी वाचतात, कुठल्याशा सर्कसवाल्याची, आणि मामीचं पेजेचं पातेलं परत बाहेर आलं आहे. पण संध्याकाळी दार लावून आम्ही दोघं गल्लीतून बाहेर पडतो तेव्हा अधूनमधून ते हलक्या आवाजात विचारतात, "उतरली आसंल न्हवं ती गाडीतनं?" महिनाभर मी त्यांना तिची रोज नवी हकिगत सांगत होतो. आता माझ्याजवळ सांगण्यासारखं एकच वाक्य आहे.

"मला माहीत नाही, मामा."

"व्हय," ते म्हणतात, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चालू लागतात.