येऊ का रे आत?

गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहात मी दर शनिवारी चित्रकला शिकवायला जाते. मुलांच्या खोलीला बाहेरून कुलूप असतं आणि किल्ली असते त्यांची देखभाल करणाऱ्या सुमनमावशींच्या कमरेला. तरी कुलूप काढण्याआधी मावशी दारावर टकटक करतात आणि विचारतात, "येऊ का रे आत?" आतून "या मावशी" असं आलं, की मगच किल्ली फिरते.

सुरुवातीला मला हे चक्क नाटक वाटलं होतं. ज्यांना बाहेर पडायची मुभा नाही, त्यांच्याकडे आत यायची परवानगी कसली मागायची?

गेल्या शनिवारी आतून आवाज आला, "थांबा मावशी."

नुकतीच एका मुलाची आई त्याला भेटून गेली होती. मावशी किल्ली हातात घेऊन तशाच थांबल्या. मीही रंगांचा डबा धरून उभी राहिले. आत नळ वाहत होता, कुणीतरी पुन्हापुन्हा तोंड धूत होतं. रडायला माणसाला एक बंद दार लागतं. ते स्वतःच्या हातानं लावता येत नसेल, तर उघडणाऱ्यानं तरी थोडं थांबावं.

नळ बंद झाला.

"या आता," आतला आवाज म्हणाला, घरच्यानं पाहुण्याला म्हणावं तसं.