निळ्या चौकटीवरचा अंगठा

धारूरच्या रजिस्ट्री कचेरीबाहेर एक म्हातारा साक्षीदार म्हणून बसलेला असतो. माझ्या घराच्या खरेदीला मी त्यालाच गाठलं. नाव विचारायचं राहूनच गेलं. सही येत असूनही तो ऐटीत शाईचा अंगठा उठवतो.

"घरात कवा गेलात?" त्यानं विचारलं.

"इसार दिला तेव्हाच. चौकटीसकट निळा रंगही दिला."

"म्हंजी दुसऱ्याच्या घराला रंग दिला की! खरेदीखताची नोंद झाल्याबिगर घर तुमचं न्हाई. आज बी ह्यांचंच हाय."

शेजारी बसलेल्या घरमालकानं कान टवकारले. सर्व्हर बंद असल्यानं आम्ही तिघं बाकावर खोळंबलो होतो. मालकानं लगेच बायकोला फोन लावला. "आपल्या घराला निळा रंग लई शोभतोय. इकावं का न्हाई, इचार करतो."

किल्ली खिशात असून मी पाहुणा झालो होतो. म्हातारा मिशीत हसत माझाच चहा पीत होता.

दुपारी एकदाची नोंद झाली.

"चला घरी, जेवू," मालक सवयीनं म्हणाला.

"कुणाच्या?" म्हाताऱ्यानं विचारलं. मालक ओशाळला. मग मीच दोघांना घरी नेलं.

दारात म्हाताऱ्यानं शाईचा अंगठा माझ्या चौकटीला खुशाल पुसला.

"अहो, रंग!" मी ओरडलो.

"आता वरडा," तो म्हणाला. "सकाळी तुमाला वरडायचा बी हक्क न्हवता."