न पाठवलेली दोन पानं

जर्मनीत हायडेलबर्गला मी पर्यावरण आणि हवामानाचा कायदा शिकवते. एखादा प्रकल्प मंजूर होण्याआधी गावकऱ्यांना बोलायचा हक्क असतो, तो माझा खास विषय. कुणी विचारो न विचारो, मी त्यावर तासभर बोलू शकते. म्हणूनच पुढचं सांगायची मला लाज वाटते.

कोकणातल्या आमच्या गावच्या खाडीकाठी रसायनांचा कारखाना यायचं ठरलं, तेव्हा मामाचा फोन आला. मामा निवृत्त पोस्टमास्तर. सबंध नोकरीत एक पत्र गहाळ होऊ दिलं नाही, याचा त्याला कोण अभिमान! अर्ध्या गावाचे अर्ज त्यानेच लिहून दिलेले. या वेळी मात्र म्हणाला, "अगं, कारखान्याचा अहवाल इंग्रजीत आहे, बाडच्या बाड. गावाची हरकत तूच लिही. दोन पानं पुरेत. जनसुनावणीला महिना आहे."

"मामा, हे तर माझं रोजचं काम. पाठवते की."

दोन पानं एका दुपारची. पण इथे राहून मला एक खोड जडलीय, तळटीप दिल्याशिवाय वाक्य हातातून सुटत नाही. ओहोटीला बायका खाडीत तिसऱ्या-शिंपले काढतात, हे मला ठाऊक. लहानपणी त्यांच्यामागे मीही गुडघाभर चिखलात गेलेय. तरी शहाणीसारखी मी त्याला छापील आधार शोधत बसले. शिवाय त्याच महिन्यात कायम नोकरीची मुलाखत होती. मामाने दोनदा मेसेज केला. मी दोन्ही वेळा अंगठा पाठवला.

मुलाखतीत त्यांनी सांगितलं, आणखी एक चांगला लेख हवा. आणि सुनावणी होऊन गेल्याचं मला मामाकडूनच कळलं. माईक हातात आल्यावर तो म्हणाला होता, "आमची हरकत लेखी आहे. जर्मनीहून भाची टपालाने पाठवतेय." एवढं बोलून तो बसला आणि त्याच्या भरवशावर बाकीचेही गप्प राहिले. मला तो रागाचा एक शब्द बोलला नाही. "तुला कामं असतात," म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी मी पुढे काय केलं? सुनावणीचं इतिवृत्त मिळवलं. त्यात ओळ होती, 'लेखी हरकत: एकही नाही.' कायदा हक्क देतो पण तो गावापर्यंत पोचत नाही, याचा पुरावा म्हणून ती ओळ मी माझ्या लेखात घातली. आमचे प्राध्यापक खूश. "गेनाऊ! अगदी बरोबर! याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही." त्या लेखावर मला कायम नोकरी मिळाली. तळटिपेत इतिवृत्ताचा पान क्रमांकसुद्धा आहे. हरकत कुणी लिहायची होती, तेवढं नाही.

यंदा गावी गेले, तर खाडीकाठी कारखान्याचं कुंपण उभं होतं. मामाने कौतुकाने लेख मागितला. "आपलं गाव छापून आलं म्हणे? वाच बघू."

जर्मन मजकूर मी मराठीत सांगू लागले. गावकऱ्यांना वेळेवर कायद्याची मदत मिळाली नाही, या वाक्यापाशी मी लेख खाली ठेवला.

"मामा, ती मदत म्हणजे मीच."

मामाने दाराकडे पाहिलं, बाहेर कुणी नव्हतं. "हळू बोल," तो म्हणाला. "गावाला मी सांगितलंय, तू पाठवलं होतंस, पोस्टात गहाळ झालं."