रेड्याची सुटी

काशीला दुपारची सुटी कुणी दिली होती, या प्रश्नावरून नागावात एकदा बरीच चर्चा झाली. खरं तर उत्तर सोपं होतं. रेड्याने दिली होती.

दादांच्या नारळी-पोफळीच्या वाडीत विहिरीवर रहाट होता आणि रहाटाला रेडा जुंपलेला असे. रेडा गोल फिरायचा, मडक्यांतून पाणी वर येऊन पाटात पडायचं, आणि पाटाच्या दुसऱ्या टोकाला काशी फावडं घेऊन उभी असायची. एका पोफळीचं आळं भरलं की मातीने त्याचं तोंड बांधायचं आणि पुढच्याचं मोडायचं. याला दारं धरणं म्हणतात. पाणी वाहतंय तोवर दारं धरणाऱ्याला बूड टेकता येत नाही. पण रेड्याला ऊन सोसत नाही. सूर्य डोक्यावर आला की रहाट हाकणारा तुकाराम त्याला सोडून तळ्यात डुंबायला न्यायचा. मग पाणी थांबायचं आणि काशी फावडं टाकून खाडीलगतच्या खारीतल्या पाड्याकडे धावायची. घरी पाच महिन्यांची जनी होती आणि ती अंगावर पीत होती. नवरा मुंबईच्या गोदीत, घरात एक सासू केसर, तिचे गुडघे धरलेले. ऊन कलेपर्यंत काशी जनीला पाजायची, भाकरीचे चार घास खायची आणि पुन्हा वाडीत यायची. एवढंच तिचं सुख, आणि ते तिला पुरत होतं.

सत्तावीस सालच्या उन्हाळ्यात दादांच्या डोक्यात आलं की भर दुपारी वाडीला पाण्याची गरज आणि नेमका तेव्हाच रहाट बंद. त्यांनी घाटावरून एक बैल आणला. सकाळ-संध्याकाळ रेडा, दुपारी बैल. रहाट दिवसभर फिरू लागला. त्यावर राबणारी माणसं मात्र होती तेवढीच राहिली. तुकाराम रहाटाच्या दांड्यावर बसून, हातात भाकरी धरून, गोल गोल फिरत जेवायला लागला. लोक त्याला हसले. काशीला हसता येईना.

पहिले काही दिवस केसर जनीला कडेवर घेऊन वाडीच्या कुंपणापाशी यायची. दूध पाजायला काशी खाली बसली की आळं फुटायचं, पाणी शेजारच्या वाडीत जायचं आणि दादांच्या पत्नी आनंदीबाई पडवीतून हाका मारायच्या. पोर दिवसभर वाडीतच ठेवते असं काशी म्हणाली, तर आनंदीबाई म्हणाल्या, विहिरीपाशी पोर नको. त्यातच जनीला ऊन लागलं, ताप आला, आणि केसरने तिला आणणं सोडलं.

शेवटी काशी संध्याकाळी दादांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. दादा अलिबागच्या कचेरीत कारकून. नुकतेच टांग्यातून उतरले होते आणि झोपाळ्यावर बसून शेजाऱ्याला आपलं दुःख सांगत होते.

"नवा साहेब मधल्या सुटीतही टेबलावरून उठू देत नाही हो. डबा उघडावा तर हा समोर उभा. आम्ही माणसं आहोत की जनावरं?"

काशीला वाटलं, बरी वेळ साधली. ज्याची सुटी गेली त्यालाच तिची किंमत कळणार. ती पुढे झाली.

"दादा, मनाबी दुपारची सुटी पायजे. पोर दिवसभर उपाशी हाय."

दादांनी झोपाळा थांबवला. "काशे, तुला सुटी दिली होती कुणी? सुटी रेड्याला होती. त्याची त्याला अजून आहे."

हे बोलताना माणसाची जीभ अडखळायला हवी होती. दादांची अडखळली नाही. शेजारी तर खो खो हसला. काशी तशीच वळली, आणि वाटेवर तिच्या मनात एकच येत राहिलं, की आपण एका रेड्याच्या जिवावर जगत होतो आणि ते आपल्याला ठाऊकही नव्हतं.

दुपार झाली की तिची छाती दगडासारखी व्हायची. पाण्याच्या आवाजाने पान्हा फुटायचा आणि चोळी भिजून जायची. आनंदीबाईंनी एकदा ते पाहिलं.

"पाटात पडलीस की काय गं? चोळी केवढी भिजलीय," त्या म्हणाल्या.

"पाणी न्हाय, वयनी, दूध हाय ते," काशी म्हणाली.

आनंदीबाईंना स्वतःची चार मुलं झालेली. त्यांनी स्वतःचा पदर सावरला आणि त्या पडवीत निघून गेल्या. दादा काय किंवा कचेरीतला साहेब काय, त्यांना एक वेळ माफ करता येईल. या बाईला काशीने जन्मात माफ केलं नाही, आणि योग्यच केलं.

पुढे बैलाचा खांदा सुजला. जू घासून घासून कातडं निघालं आणि त्यावर माश्या बसायला लागल्या. हे मात्र आनंदीबाईंना बघवेना. त्यांनी रात्री दादांना ताट वाढताना सुनावलं, की मुक्या जनावराचा तळतळाट मला घरात नको, उद्यापासून दुपारी रहाट बंद. तो बंद झाला. मुक्याचं दुःख त्या घराला कळलं. काशी मुकी नव्हती, तोंड उघडून बोलली होती, म्हणूनच बहुधा तिचं कळलं नाही.

सुटी परत मिळाल्या दिवशी काशी धावतच घरी गेली. जनीला पदराखाली घेतलं. जनीने तोंड फिरवलं. काशीने पुन्हा घेतलं, पोर रडून लालबुंद झाली आणि केसरकडे हात पसरायला लागली. केसरने तिला मांडीवर घेऊन शेळीच्या दुधाची वाटी तोंडाला लावली, तशी ती गटागटा प्यायली. केसर बिचारी खाली मान घालून म्हणाली, "मी तरी काय करू गं? भुकेली पोर."

काशी सासूवर रागावली नाही. ती वाडीत परत गेली आणि तिने फावडं उचललं. सगळ्या पाड्याला ही हकीकत कळली.

सात वर्षं गेली. दादा पेन्शनीत निघाले आणि त्यांनी विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं. सगळ्या नागावला बोलावून दाखवलं. "याला ऊन लागत नाही, दम लागत नाही, खांदा सुजत नाही," असं ते येईल त्याला सांगत. काशीच्या पदरी तेव्हा दुसरं मूल होतं, बाळाजी, तीन महिन्यांचं.

सूर्य डोक्यावर आला. इंजिन धडधडतच होतं आणि पाट दुथडी भरून वाहत होता. काशी पाटातून बाहेर आली, चिखलाचं फावडं तिने दादांच्या हातात दिलं.

"इंजिन तुमचं हाय, दादा, तर दारंबी तुमीच धरा. मी पोराला पाजून येते."

"अगं पण पाणी चालू आहे," दादा म्हणाले.

"व्हय, चालू हाय," काशी म्हणाली आणि चालू लागली.

दादांनी तिला हाका मारल्या. मग पहिलं आळं फुटलं, आणि पेन्शनर कारकून धोतराचा काचा मारून चिखलात उतरले. एक तोंड बांधेपर्यंत दुसरं फुटे. तुकारामाला हाक मारली, तर तो झाडाखाली बसून जेवत होता आणि उठला नाही. दुसरी बाई बघावी, तर पाड्यातली एकही यायला तयार नव्हती. जनीने आईचं दूध कसं सोडलं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून इंजिन दुपारी बंद राहायला लागलं. ते तापतं, त्याला मधे विश्रांती लागते, असं दादा पाहुण्यांना समजावून सांगत. काशीचं नाव त्यात कुठेच नसे. ती ऐकायला तिथे नसायचीच; तोवर ती घरी पोचून बाळाजीला पाजत असायची.